पूर्वेचा उतार, सव्वादहा

काल्डर टेकडीच्या पायथ्याशी, माणसांना खुर्च्यांतून वर नेणाऱ्या लिफ्टच्या खोपटाला लागून, एक काळा फळा आहे. शाळेतलाच. गावातली जुनी शाळा पाडली तेव्हा कोणीतरी तो उचलून आणला. हिवाळाभर त्यावर विशेष काही नसतं. पण मार्च अर्धा सरला, ऊन चढू लागलं, की सकाळी त्या फळ्यापुढे माणसं थांबायला लागतात. फळ्यावर तीनच ओळी असतात. पूर्व, नऊ पन्नास. दक्षिण, अकरा वीस. पश्चिम, दीड. अक्षर आर्डिस ट्वेटचं, गोल आणि जरासं उजवीकडे कललेलं.

हंगामाच्या अखेरचा बर्फ मोठा लहरी. रात्री तो दगडासारखा गोठतो. सकाळी लवकर त्यावर स्की घातली तर दातावर दात आपटतात. मग ऊन लागतं, वरचा थर सुटतो, आणि बर्फ साजूक तुपासारखा रवाळ होतो. काल्डरची माणसं म्हणतात, उतार पिकला. पिकलेल्या उतारावर स्की काय, स्नोबोर्ड काय, आवाज न करता जातात आणि साठीच्या माणसालाही आपण विशीत आहोत असं वाटतं. हे सुख जेमतेम पाऊण तासाचं. पुढे बर्फाचा लगदा होतो, पाय ओढले जातात. म्हणून ज्याला वेळ साधते त्याचा दिवस सोन्याचा, आणि काल्डरवर ही वेळ सांगायची आर्डिसने.

ती सहासष्ट वर्षांची होती. एकतीस हिवाळे तिने त्या एकाच जागी उभं राहून काढले होते. खुर्ची मागून येते, दोन माणसं पुढे सरकतात, आर्डिस खुर्चीचा दांडा धरून तिचा वेग जरा मारते, माणसं बसतात, खुर्ची वर जाते. पुढची दोघं. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता तो यामुळे. नवरा फार पूर्वी कामासाठी स्पोकेनला गेला आणि तिकडचाच झाला. मूलबाळ नव्हतं. उन्हाळ्यात ती बी-बियाण्यांच्या दुकानात गवताचं आणि वाटाण्याचं बी मापून द्यायची. तिथे लोक तिला “बाई, दोन पोती” म्हणत. आर्डिस म्हणून हाक मारणारी माणसं सगळी टेकडीवरची, आणि टेकडी एप्रिलमध्ये बंद व्हायची ती डिसेंबरात उघडायची.

फळ्याची कीर्ती बावीस वर्षांची. शेजारच्या मोठ्या रिसॉर्टवरची माणसंसुद्धा वसंतात मुद्दाम इकडे यायची. “काल्डरला एक बाई आहे, आकाशाकडे बघून मिनिटं सांगते,” असं कोणी म्हटलं की आर्डिस हातमोजे नीट करत बसायची. हो म्हणायची नाही, नाहीही म्हणायची नाही.

कारण त्यातलं अर्धं खरं नव्हतं.

टेकडीवर मायलो गॅफ्नी नावाचा एक माणूस रात्रपाळीला असे. पट्ट्यांच्या चाकांचं मोठं यंत्र घेऊन तो रात्रभर उतार सपाट करायचा. पहाटे सहाला काम संपलं की यंत्र उभं करून खोपटात यायचा. आर्डिस तेव्हाच यायची, शेगडी पेटवायची, कॉफी ठेवायची. मायलो उभ्यानेच कॉफी प्यायचा. त्याच्या खिशात रंग ढवळायची एक पातळ लाकडी काठी असायची, रंगाच्या दुकानात फुकट मिळते ती. त्यावर पेन्सिलीच्या खुणा. एका रेघेची खूण पूर्वेची, दोन रेघांची दक्षिणेची, तीन रेघांची पश्चिमेची. रात्री त्या त्या उतारावर किती जाडीचा थर गोठला, ते त्या खुणांवरून कळायचं. तो काठी दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचा.

“कशी काय आज?” आर्डिस विचारायची.

“मला काय विचारतेस? तिला विचार,” मायलो काठीकडे हनुवटी करायचा.

जाड थर उशिरा सुटतो, पातळ लवकर. आर्डिस काठी बघायची, बाहेर येऊन आकाश बघायची, वारा बघायची, आणि फळा लिहायची. मग काठी मोडून शेगडीत घालायची. कालच्या काठीचा आज काय उपयोग.

दहा मिनिटं. बावीस वर्षं, हंगामाचे चार महिने, रोज दहा मिनिटं. त्यात बोलणं थोडंच. त्याच्या गुडघ्याबद्दल, तिच्या गाडीच्या गळक्या रेडिएटरबद्दल. मायलो ब्यूट या खाणींच्या गावचा, खाणकामगाराचा मुलगा. स्की त्याने कधी पायात घातली नाही. “पाय जमिनीवर असलेले बरे,” म्हणायचा.

“एकदा दिवसाउजेडी ये तरी,” आर्डिस म्हणायची. “खुर्चीत बस, वर जा. तू केलेल्या रस्त्यांवरून माणसं कशी जातात ते बघ.”

“दिवसा मी झोपतो.”

एकदाच तो आला होता. सात-आठ वर्षांपूर्वी, हंगामाच्या शेवटच्या रविवारी. इस्त्री केलेला निळा शर्ट, ओले विंचरलेले केस. वाहनतळापाशी लोक सॉसेज भाजत होते तिथे तो हातात कागदी बशी घेऊन उभा होता. आर्डिसने त्याला लांबून पाहिलं आणि हात केला. त्यानेही केला. पण रांग लांब होती, खुर्च्या येत होत्या. बदली माणूस येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. ती धावत गेली तेव्हा तो निघून गेला होता. पुढच्या डिसेंबरात दोघांपैकी कोणीच त्याबद्दल बोललं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये मायलो वारला. झोपेत गेला. आर्डिसला हे आठ दिवसांनी, दुकानात बियाणं गुंडाळायला घेतलेल्या वर्तमानपत्रातून कळलं. तिला कोणी कळवलं नव्हतं. कळवावं असं काही नातं नव्हतं. नेब्रास्काहून त्याची बहीण येऊन सामान घेऊन गेली होती. आर्डिसने ते पान घडी करून वेगळं ठेवलं आणि दुसऱ्या कागदात बी बांधून दिलं.

नवा चालक संध्याकाळीच उतार सपाट करून मध्यरात्रीच्या आत घरी जायचा. पहाटे खोपटात कोणी नसायचं. मार्चच्या मध्यावर लोक फळ्यापुढे येऊन उभे राहिले आणि आर्डिसच्या हातात खडू होता. तेव्हाच तिने सांगायला हवं होतं. तिने घरच्या खिडकीला लावलेल्या तापमापकावरचा आकडा आठवला, आकाश बघितलं आणि वेळ लिहून टाकली. ती बरोबर ठरली. दुसऱ्या दिवशीही ठरली. तीन आठवडे रात्री निरभ्र होत्या, थंडी सगळीकडे सारखी होती, आणि रोज कोणी ना कोणी तिला सांगून जायचं, “आर्डिस, आज मिनिटाचाही फरक नाही.”

प्रत्येक वेळी तिला आपण मायलोच्या खिशात हात घालतो आहोत असं वाटायचं. पण फळा सोडला असता तर तिच्याजवळ फक्त खुर्चीचा दांडा उरला असता.

हंगामाचा शेवटचा शनिवार उजाडला. पहाटे तिच्या खिडकीचा तापमापक शून्याच्या खूप खाली होता. तिने फळ्यावर लिहिलं, पूर्व, नऊ पन्नास.

साडेनऊला लाइल बिटनर आणि त्याची बायको जून रांगेत आली. लाइल अठ्ठ्याहत्तरचा. चाळीस वर्षं जुन्या, पिवळ्या पडलेल्या स्की. वसंतातला पूर्वेचा पहिला उतार आपलाच, असा त्याचा हट्ट.

“नक्की ना नऊ पन्नास?” तो म्हणाला. “मागच्या खेपेला मी दोन मिनिटं आधी पोचलो होतो. थंडीत उभं राहावं लागलं.”

“दोन मिनिटं उभं राहिलास म्हणून काय झालं?” जून म्हणाली. “मी तुझ्याबरोबर एक्कावन्न वर्षं उभी आहे.”

आर्डिस हसली, खुर्ची धरली, दोघं वर गेली.

दहा वाजून दहा मिनिटांनी सुरक्षा पथकाचे दोन जण लाइलला घसरगाडीवर बांधून खाली घेऊन आले. रात्री दोनच्या सुमाराला टेकडीच्या माथ्यावर ढग बसला होता. खाली गावात चांदणं होतं, कडाक्याची थंडी होती, आणि वर त्या ढगाने गोधडी घालावी तसं झाकून बर्फ गोठूच दिला नव्हता. बोटभर पापुद्रा, खाली नुसता लगदा. दुसऱ्याच वळणावर पापुद्रा फुटला, लाइलची एक स्की गुडघ्यापर्यंत आत गेली आणि तिथेच राहिली. लाइल पुढे गेला.

“काही नाही, पिळवटलाय गुडघा,” तो गाडीवर पडल्या पडल्या म्हणाला. “जून कॅमेरा विसरली नसती तर निदान फोटो तरी आला असता.”

जून हसत नव्हती. ती आर्डिसकडे बघत होती. रागाने नाही, नुसतं बघत होती. चष्मा काचेवर धुकं आल्यासारखा पुन्हा पुन्हा पुसत होती.

“ढग कसा काय सुटला तुझ्या नजरेतून?” ती म्हणाली.

खुर्च्या येत होत्या. आर्डिसने दांडा धरला. दुपारी पाण्याने भरलेल्या खड्ड्यावरून स्कीवर, बोर्डवर पार जायचा खेळ सुरू झाला, लोक एकामागून एक बदाबदा पडू लागले, टाळ्या वाजू लागल्या. तिने फळ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर ओल्या फडक्याने तो पुसला. उद्या त्यावर काय लिहायचं, आणि लिहायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. उद्याचा एकच दिवस. तो गेला की डिसेंबरपर्यंत कोणी तिला काही विचारणार नव्हतं.

रविवारी पहाटे साडेचारला ती टेकडीच्या पायथ्याशी आली. स्कीच्या तळाला घसरू नये म्हणून लावतात त्या केसाळ पट्ट्या तिने लावल्या. खिशात एक स्क्रू पिळायचा पेचकस, रंगाच्या दुकानातून आदल्या संध्याकाळी मागून आणलेली काठी आणि पेन्सिल. डोक्यावर दिवा. ती चालू लागली.

पूर्वेच्या उताराच्या वरच्या टोकाला यायला सव्वा तास लागला. खाली बसून तिने बर्फात पेचकस खुपसला. तो मुठीपर्यंत सहज आत गेला. ती चमकली. मग तिच्या लक्षात आलं, आपण नव्या चालकाने काल संध्याकाळी नांगरल्यासारख्या सपाट केलेल्या पट्ट्यावर बसलो आहोत. यंत्राने उलटलेला बर्फ वेगळा गोठतो. तो काही सांगत नाही. खरं मोजायचं तर पट्ट्याबाहेर जायला हवं.

ती पट्ट्याबाहेर पडली. चाळीस पावलं गेल्यावर बर्फ आपला आपण गोठलेला होता. पेचकस अडला. जोर लावून भोक पाडलं, काठी आत घातली, थर कुठे संपतो ते बोटाने चाचपलं, खूण केली. एक जागा पुरेशी नव्हती. झाडांच्या सावलीत वेगळं, उघड्यावर वेगळं. तिने सहा ठिकाणी भोकं पाडली. मग दक्षिण. तिथे जायला एका घळीतून उतरावं लागलं, परत चढावं लागलं. बोटं बधिर झाली. पेन्सिल दोनदा हातातून पडली.

ती बावीस वर्षं समजत आली होती की मायलो यंत्राच्या उबदार खोलीत बसून, खिडकीतून हात बाहेर काढून ही काठी कुठेतरी टोचत असणार.

तो खाली उतरायचा. ज्याला पाय जमिनीवर हवे असायचे तो माणूस, दुखऱ्या गुडघ्याने, दिवा घेऊन, यंत्र सोडून उतारावरच्या निसटत्या बर्फात पायी चालत जायचा. तिन्ही उतारांवर. रोज. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, याचा पगार नव्हता, फळ्यावर त्याचं नाव नव्हतं. आणि हे सगळं आटपून सहाला तो खोपटात येऊन म्हणायचा, मला काय विचारतेस, तिला विचार.

आर्डिस पश्चिमेच्या उतारावर शेवटची खूण करून खाली बसली. पूर्वेकडे उजाडत होतं. तिने त्याला कधी विचारलं नव्हतं, काठी आणतोस कशी. एकदाही नाही.

आठ वाजता लोक फळ्यापुढे जमले. फळ्यावर नेहमीच्या तीन ओळींखाली चौथी होती.

पूर्व, सव्वादहा. दक्षिण, पावणेबारा. पश्चिम, पावणेदोन.

आजची काठी आर्डिसची. आधीच्या बावीस वर्षांच्या, मायलो गॅफ्नीच्या. या वर्षीच्या वेळा मी अंदाजाने लिहिल्या.

लाइल कुबड्या घेऊन आला होता, पाय पट्ट्यांनी जाड झालेला. अंगात फुलाफुलांचा शर्ट. त्याने फळा दोनदा वाचला.

“कोणत्या काठ्या?” तो म्हणाला.

आर्डिसने सांगितलं. थोडक्यात सांगितलं, खुर्च्या धरता धरता, त्याच्याकडे न बघता. शेवटी म्हणाली, “तुझा पाय माझ्यामुळे दुखावला, लाइल.”

“म्हणजे बावीस वर्षं तू आम्हाला बनवत होतीस?”

“अर्धं.”

“अर्धं,” लाइलने मान हलवली. “जून, ऐकलंस? मी आयुष्यभर एका रात्रपाळीच्या ड्रायव्हरच्या सांगण्यावर चाललो. आणि तो मला ओळखतसुद्धा नव्हता.”

“ओळखत होता,” आर्डिस म्हणाली. “विचारायचा. तो पिवळ्या स्कीवाला म्हातारा अजून येतो का म्हणून.”

जूनने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाली, “मला कधीतरी सांगायचंस गं.” एवढंच म्हणाली, आणि लाइलला बाकावर बसवायला घेऊन गेली.

नोरीन नावाची इस्पितळातली परिचारिका रात्रपाळी संपवून सरळ टेकडीवर आली होती. स्नोबोर्ड काखेत, अंगात बहिणीच्या लग्नातला गुलाबी झगा. दुपारच्या पाण्याच्या खेळासाठी तिने तो दरवर्षी राखून ठेवलेला असायचा. तिने आर्डिसच्या हातातून दांडा घेतला.

“दहाला पाच कमी आहेत. जा वर.”

“तुला हे जमतं का?”

“रोज शंभर माणसांना खाटेवर चढवते मी. खुर्चीवर नाही का चढवता येणार? जा.”

“एकटीने जाऊ?”

“मग काय मी झगा घालून दोन्हीकडे असू?”

आर्डिस खुर्चीत बसली. शेजारची जागा रिकामी. एकतीस वर्षांत पिकायच्या ऐन मिनिटाला ती कधीच वर नव्हती; त्या मिनिटाला ती नेहमी खाली दुसऱ्यांना बसवत असायची. तिच्या वाट्याला जेवणाच्या सुट्टीतला लगदा यायचा.

माथ्यावर वारा नव्हता. ती पूर्वेच्या कडेला उभी राहिली. दहा वाजून बारा मिनिटं. पायाने दाबून पाहिलं, अजून कडक. खाली घळीजवळ पहाटेच्या तिच्या पावलांची ओळ दिसत होती, पट्ट्यापासून बाजूला गेलेली, परत आलेली. तिने वाट पाहिली. मग टाचेखाली काहीतरी किंचित सुटलं.

ती निघाली. बर्फाने आवाज केला नाही. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. स्की जिथे न्यावी तिथे जात होती, खांदा दुखत नव्हता, दरी हळूहळू वर येत होती. ती फार जलद गेली नाही. अर्ध्यावर थांबून मागे पाहिलं. तिच्या मागे फक्त तिची रेघ होती, आणि वर कडेला आता माणसं येऊन उभी राहिली होती, छोटी छोटी, घड्याळं बघत. कोणीतरी हात केला. तिनेही केला, आणि ते खाली येईपर्यंत थांबावं का, असा विचार केला. ते गटागटाने आले असते, आपापसांत बोलत गेले असते. ती उरलेला उतार उतरून खाली आली आणि नोरीनच्या हातातून दांडा परत घेतला.

“बरोबर होती का?” नोरीनने विचारलं.

“हो.”

चारला लिफ्ट थांबली. खुर्च्या होत्या तिथे, हवेत, हलत राहिल्या आणि मग त्याही थांबल्या. टेकडीची व्यवस्थापक केल्सी खोपटात आली. चौतीस वर्षांची, चार वर्षांची असताना हिला पहिल्यांदा खुर्चीत बसवलं होतं ते आर्डिसनेच. केल्सीने खिळ्याला अडकवलेली काठी पाहिली.

“ही मला द्या ना,” ती म्हणाली. “ऑफिसात लावते. खाली मायलोचं नाव लिहू.”

“तिचा आता काय उपयोग?” आर्डिस म्हणाली. “आजची होती ती.” तिने काठी काढली, गुडघ्यावर मोडली आणि शेगडीत घातली. “पुढच्या वर्षी मला पहाटे वर जायची परवानगी लागेल. मार्चपासून.”

“अंधारात एकट्या माणसाला मी वर सोडू शकत नाही. नियम आहे, तुम्हाला माहीत आहे.”

“मायलो एकटाच जायचा.”

“तो यंत्रात असायचा.”

“नसायचा,” आर्डिस म्हणाली. “उतरून चालत जायचा.”

केल्सी दाराच्या चौकटीला टेकली. “डिसेंबरात बोलू,” ती म्हणाली. “मी नाही म्हणत नाहीये.” आणि बाहेर शेगड्या विझवायला लोकांना सांगायला गेली.

आर्डिसने फळा पुसला. तीन ओळी पुसल्या, चौथीवरून फडकं दोनदा फिरवलं. वाहनतळावरून एकेक गाडी निघत होती, कोणी हॉर्न वाजवून तिला निरोप देत होतं. ती खोपटात परत आली आणि काठी पुरती जळेपर्यंत शेगडीजवळ बसली. रंग ढवळायची पातळ काठी. फार वेळ लागला नाही.